इळ्याचा सबूद

भागे, काल पंचायतीत मी एक घोळ घालून आले. कालपासून घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही. हे जेवताना दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहत राहिले आणि पुन्हा भाकर मोडायला लागले. तू असतीस तर पदराचा बोळा तोंडात घालून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "पाटलीणबाई, तुमी बी बह्याडच." काय घोळ घातला ते सांगते, पण सावकाश. तुला गोष्टीचा शेवट आधी सांगितला की तू उठून कामाला लागायचीस, ती सवय मला ठाऊक आहे.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी पेन हातात घेते आणि खाली ठेवते. लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतली भाषा उतरते, सातवी पास बाईची. तिला तू कागदाची बोली म्हणायचीस आणि नाक मुरडायचीस. आज तेवढं सांभाळून घे बाई.

आपली ओळख तरी कागदानेच झाली ना! महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. पंचायतीत दोन बाया पाहिजेत, असं वरून आलं. सरपंच बापूजी, माझे भासरे, यांचे थोरले भाऊ. त्यांनी एक बाई घरातलीच घेतली, ती मी. दुसरी वस्तीतली घेतली, ती तू. वस्तीतली बाई घेतली की बाईचीही जागा भरते आणि वस्तीचीही, एका दगडात दोन पक्षी, असं ते ओसरीवर हसत सांगत होते. तुलाच का घेतलं? तर कापसाच्या वेचणीच्या दिवसांत तू पऱ्हाटीच्या ओळीत खाली मान घालून सगळ्यांच्या पुढे असायचीस आणि कोणाशी चकार शब्द बोलायची नाहीस. त्यांना वाटलं, गरीब बाई आहे. बापूजींना माणसं पारखण्याचा मोठा अभिमान. त्यांची पारख एवढी पुन्हा कधी फसली नाही.

पहिलं वर्षभर मी पंचायतीचं दारही पाहिलं नाही. ग्रामसेवक ठरावाचं बुक घेऊन आमच्या सैपाकघराच्या उंबऱ्याशी यायचा, मी पिठाचे हात पुसून सही करायची. सही वळणदार होती माझी, तो म्हणायचाही तसं, आणि मला बरं वाटायचं. वर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही. तुझ्याकडे तेच बुक कोतवाल शेतात घेऊन यायचा. तू धुऱ्यावर, बांधावरच बसायचीस, तो तुझा अंगठा शाईत बुडवायचा आणि दाबायचा. मग एके दिवशी तू त्याला म्हणालीस, एवढ्या उन्हाचं बुक इकडे काऊन आणता, पुढच्या वेळेपासून मीच येत जाईन तिकडे. आणि आलीस. दाराजवळ भिंतीला टेकून बसलीस आणि सभा संपेपर्यंत हलली नाहीस.

झालं. बापूजी घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, वस्तीतली बाई सभेत येऊन बसते आणि आपल्या घरची मेंबर चुलीपाशी, हे चांगलं दिसत नाही. म्हणजे मला खरी मेंबर केली ती तू. तेव्हा मी तुला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या, आता सांगायला हरकत नाही. घरचं दूधदुभतं टाकून महिन्यातून एकदा तिथं जायचं आणि पदर सावरत मुक्यानं बसायचं. गड्यांना खुर्च्या, मला सतरंजी, तुला नुसती भुई. चहा आला की मला कपबशी आणि तुला दारामागची जर्मनची वाटी. ते मला खटकायचं, असं लिहिलं तर आज मान मिळेल, पण खरं नाही. मला ते दिसतही नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या सभेनंतर तू मला बाहेर लिंबाखाली थांबवलंस. तुला अक्षर येत नव्हतं, पण ग्रामसेवक वाचायचा तेव्हा तू त्याच्या मागून बुकात डोकावलेली होतीस. म्हणालीस, "पाटलीणबाई, दर खेपेले शेवटाले एकच सबूद येते. डोक्यावर इळा असल्यावानी. थो कोनता सबूद हाय?"

मला आधी कळेना. मग तू काडीने मातीत काढून दाखवलंस. 'वा' आणि त्याच्या डोक्यावर रफार. खरंच विळ्यासारखा. मी म्हटलं, सर्वानुमते. ठराव सर्वानुमते मंजूर, असं लिहायची रीत असते.

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांच्या मतानं."

तू जरा वेळ त्या मातीतल्या रेघांकडे पाहिलंस. "माह्यं मत तं कोनं इचारलं नाई." मग माझ्याकडे पाहून, "तुमचं इचारलं का?"

मी पदर सावरला. घरी गेले, आणि त्या दिवशी भाकरी करपल्या एवढं आठवतं.

त्या हिवाळ्यात शेगावला पंचायतीतल्या बायांचं शिबिर होतं. मोटारीने नांदुऱ्यापर्यंत आणि तिथून गाडीने. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याशिवाय, सासूशिवाय कुठं निघाले होते आणि शेजारी बसायला तू. नांदुऱ्याच्या फलाटावर तू शिदोरी सोडलीस. माझ्याकडे गव्हाच्या पोळ्या होत्या, तुझ्याकडे ज्वारीची भाकर आणि लाल मिरच्यांचा ठेचा. तू जरा लांब सरकून बसलीस, रीतीप्रमाणे. मला त्या ठेच्याचा वास सहन होईना. मी म्हटलं, एवढा ठेचा एकटी खाशील तर पोटात दुखेल. तू हसलीस आणि पुडी पुढे केलीस. सासूबाईंना मी हे मरेपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या मरेपर्यंत, म्हणते.

शिबिरात शिकवायला एक बाई होत्या, चष्म्याच्या, बोलायला कडक. त्यांनी सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि सांगितलं, मोठ्यानं म्हणा, माझा विरोध आहे. एवढंच. चाळीस बाया तोंडात पदर घालून खिदळायला लागल्या. कोणाला 'माझा'पर्यंत आलं, कोणाला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितल्यासारखी लाज आली. माझी पाळी आली. सातवी पास, पाटलाची सून, वळणदार सही. उभी राहिले आणि तोंडातून नुसती हवा निघाली. बाई म्हणाल्या, बसा, सवयीनं येईल. मग तू उठलीस. वर्गात नाही, वावरात आहेस अशा आवाजात तू ते म्हणालीस, आणि वर विचारलंस, कोन्या गोष्टीले विरोध करा लागते थे तं सांगा. सगळी खोली हसली, त्या कडक बाईसुद्धा.

परतीच्या गाडीत तू मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होतीस. गाडीच्या आवाजात मी ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही.

आणि मग ती विहीर आली.

वस्तीसाठी सरकारातून विहीर मंजूर झाली होती. वस्तीतल्या बाया तेव्हा नाल्याच्या वाळूत खड्डे करून, त्या झिऱ्यांवर पाणी भरायच्या. बापूजींनी ओढ्यापलीकडे नवी संत्र्याची बाग लावली होती, रोपं गुडघ्याएवढी, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. ठराव असा लिहायचा होता, की वस्तीजवळ खडक आहे, पाणी लागणार नाही, म्हणून विहीर बागेच्या धुऱ्यावर घ्यावी, वस्तीची काही हरकत नाही. तुझा अंगठा त्यावर असणं जरूर होतं, आणि तू आता बुक आलं की अंगठा पुढे करणारी राहिली नव्हतीस.

बापूजींनी मला बोलावलं. गोड बोलले. तुझं तिच्याशी जमतं, म्हणाले. शाळेत शिपायाची जागा निघणार आहे, भागाबाईच्या मालकाला, किसनला, तिथं लावून घेऊ, तेवढं सांगून ये. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. हे तुला ठाऊक आहे, पण मी स्वतःच्या तोंडाने कधी बोलले नाही म्हणून लिहिते. वेचणीला बाया सांगायच्या निमित्ताने मी दुपारी वस्तीकडे निघाले. त्या बाजूला मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तू नाल्यात झिऱ्यापाशी बसलेली सापडलीस. नारळाच्या करवंटीने पाणी घागरीत घालत होतीस. करवंटी भरायची, थांबायचं, पाणी पाझरेपर्यंत बसायचं, पुन्हा करवंटी. मागे सात-आठ बाया पाळी लावून. म्हणालीस, बसा, घागर भरेपर्यंत लय येळ हाय. मी दगडावर बसून सगळा निरोप सांगितला. शिपायाची जागा, खाकी कपडे, बारमाही पगार, पोरांचं भलं. सगळं सांगून झालं तेव्हा घागर अर्धीही भरली नव्हती.

तू करवंटी ओतलीस आणि मला विचारलंस, "किसन शिपाई झाला तं पानी कुठलं पेईन?"

मी उठून आले. बापूजींना म्हटलं, विचार करते म्हणाली. हेही खोटंच.

किसनला ते कळलं तेव्हा तो महिनाभर तुझ्याशी बोलला नाही, मला शेजारणीकडून समजलं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला माणूस, त्याला बसून खायची जागा मिळत होती आणि बायकोने ती नाल्यात सोडली. त्याचा तरी काय दोष? तुला त्याचं वाईट वाटलं नसेल असं नाही. त्या महिन्यात तू वेचणीला यायचीस तेव्हा तुझे डोळे सुजलेले असायचे. मी विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं.

सभा भरली. ग्रामसेवकाने ठराव वाचला आणि बुक सह्यांना फिरलं. माझी सही तुझ्या आधी असायची. बुक माझ्यापुढे आलं. बापूजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांना गरज वाटली नाही. मी झिरे पाहिले होते, भागे. करवंटी पाहिली होती. त्या खोलीत तुझ्याशिवाय ते डोळ्यांनी पाहिलेली मी एकटी होते. आणि मी सही केली. नेहमीसारखी, वळणदार.

मग बुक तुझ्यापुढे आलं. तू शाईची डबी बाजूला सारलीस आणि बोट ओळीवरून फिरवायला लागलीस, डावीकडून उजवीकडे, निवडताना तांदळातून फिरवावं तसं. बोट थांबलं.

"आज दोन इळे हायेत," तू म्हणालीस.

ग्रामसेवक वैतागून म्हणाला, अहो बाई, तो पहिला शब्द वेगळा आहे, 'चर्चा'. 'ठरावावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' असं आहे ते. तुझी चूकच झाली होती. तुला एकच विळा ठाऊक होता. दुसरी कोणी असती तर लाजून अंगठा देऊन मोकळी झाली असती. तू त्याला विचारलंस, चर्चा म्हंजे काय? तो म्हणाला, म्हणजे सगळ्यांनी बोलणं.

"मंग थो बी काढा. कोन बोललं?"

खुर्चीतल्या कोणीतरी हसू दाबलं. बापूजींनी तुला समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, मग किसनचं नाव काढलं. तू शेगावला म्हणालीस तेच, त्याच आवाजात म्हणालीस. माझा विरोध आहे. मी शेजारी सतरंजीवर बसून माझ्या सहीची शाई वाळताना पाहत होते.

तुझ्याविना ठराव झाला, कारण मतं त्यांचीच होती. पण 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहावं लागलं, आणि तिथंच बापूजींचं गणित चुकलं. दोन महिन्यांनी पंचायत समितीचे साहेब तपासणीला आले. त्यांनी बुक चाळलं. पानोपान सर्वानुमते, सर्वानुमते, आणि मध्येच एक पान बहुमताने. म्हणाले, या पानावर काय झालं? आमच्या गावाने इतकी वर्षं एका मताने चालून त्या एका पानाला असा दिवा लावून ठेवला होता, की आंधळ्यालाही दिसावं.

साहेबांनी मलाही विचारलं. ताई, तुमची सही आहे, तुम्ही जागा पाहिली का? दुसरी संधी होती ती. देव काय, सरकार काय, दुसऱ्यांदा विचारत नाही सहसा. मी म्हटलं, भासरे सांगतील ते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू साहेबांना म्हणालीस, चाला माह्यासंगं, आणि त्यांना नाल्यापर्यंत चालवत नेलंस. तिथं म्हणे त्यांच्या हातात करवंटी दिलीस आणि घागर पुढे ठेवलीस.

विहीर वस्तीत खणली गेली. खडक खरंच लागला, बापूजी अगदीच खोटं बोलत नव्हते. पहिल्या उन्हाळ्यात नुसता दगड निघत होता, सुरुंगाचे आवाज यायचे, आणि ओसरीवर रोज विचारपूस चालायची, काय हो, निघालं का पाणी भागाबाईचं? दुसऱ्या उन्हाळ्यात निघालं. गोड, थंडगार.

त्या दिवशी मी आले होते. का आले, मलाच ठाऊक नाही. गर्दीत मागे उभी होते, तू पाहिलंस आणि तांब्या भरून माझ्यापुढे धरलास. सगळी वस्ती पाहत होती. आमचा गडीही उभा होता, म्हणजे मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचणार. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. घरी सांगितलं, तहान लागली होती. खोटं नव्हतं ते. सासूबाईंनी चार दिवस मला चुलीपाशी येऊ दिलं नाही, आणि सैपाक त्यांनाच करावा लागला. भागे, लग्नानंतरचे ते माझे सगळ्यात सुखाचे चार दिवस.

तू मला त्या सहीबद्दल कधी काही बोलली नाहीस. मला वाटायचं, बोलेल एखाद दिवस, मोकळं होईल. पण तू वेचणीला यायचीस, पोरांची चौकशी करायचीस, सभेत शेजारी बसायचीस. एव्हाना मीही भुईवर बसायला लागले होते, सतरंजीवर कंबर दुखते म्हणून. तुला अक्षरं शिकवायचा मी किती खटाटोप केला. निदान सही तरी शीक म्हणून मागे लागले. तू म्हणायचीस, एक सबूद येते तं पंचायत एवढी भेते, समदे आले तं तुमाले गाव सोडा लागन.

मग पाच-सहा वर्षांनी उत्तमचं झालं.

उत्तम तुझ्या बहिणीचा, लहानपणापासून तुझ्याकडे वाढलेला. त्याने विहिरीच्या वाटेवर टपरी टाकली, बायांची धुणं धुवायची जागा त्यात गेली. बायांनी तक्रार केली. आणि गंमत पाहा, बापूजींनीच ठराव मांडला, की टपरी कायम करावी. किती मायेने मांडला! भागाबाईचं पोर आहे, गरीब आहे, आपणच नाही पाहायचं तर कोणी? मला त्यांचा डाव कळत होता. तू एकदा अंगठा दिलास की पुढे तुझ्या बोटाला कोण भिणार? पण मला वाटलं, देऊन टाक. एक टपरी ती काय. तू बोट फिरवलंस, विळ्यावर ठेवलंस. म्हणालीस, काढा. बापूजी म्हणाले, तुमच्या पोराचं तुम्हालाच नको तर आम्हाला काय पडलंय, आणि ठराव बारगळला. आठ दिवसांत उत्तमने टपरी मोडली आणि नांदुऱ्याला जिनिंगमध्ये हमालीला गेला. तुझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी तुझ्या दारात येऊन भांडले. लेकरासारखं वाढवलेलं पोर, त्याला आधी घरात समजावता येत नव्हतं का? चारचौघांत तोंडावर पाडायचं? काळीज आहे की दगड? एका शब्दाने काय बिघडणार होतं?

तू ज्वारी पाखडत होतीस. सूप खाली ठेवलंस.

"तुह्यं बी एका सबदानंच बिघडलं होतं, इमले. तुले थे जमलं. मले नाई जमत."

मी तशीच माघारी फिरले. तीन महिने आपण बोललो नाही. तेवढं लागलंच मला, त्या सहीचं आठ वर्षांचं उसळून एकदम अंगावर आलं. पण घरी येऊन मी पाण्याचा तांब्या घेऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तू मला 'तू' म्हणाली होतीस. पाटलीणबाई नाही, तुमी नाही. इमले. माझं नाव. सासरी आल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. राग होता तो होताच, पण त्याच्या खाली मला इतकं बरं वाटत होतं की कोणाला सांगायची सोय नव्हती.

तीन महिन्यांनी मीच आले आणि मीच म्हटलं, ठेचा असेल तर दे. तू दिलास. पुन्हा पाटलीणबाई म्हणायला लागलीस, चिडवायला. एकटं असलो की इमले.

उत्तमच्या बाबतीत तू चुकलीस, असं मी आजही म्हणते. ठरावात नाही, घरात चुकलीस. हे भांडण मी सोडणार नाही, असं ठरवून तुझ्या मातीला आले होते. तिथं उत्तम आला होता, चार वर्षांनी, मिशी फुटलेला, अंगाने भरलेला. तो रडत रडत मला म्हणाला, मावशी दर बाजाराच्या दिवशी मोटारीतून नांदुऱ्याला ठेच्याची पुडी पाठवायची, इतकी वर्षं, एकदाही चुकली नाही. मी तं कधी निरोप बी धाडला नाई. तू मला हे सांगितलं नाहीस, भागे. मला दगड म्हणू दिलंस. आता मी भांडू तरी कोणाशी?

तर काल. काल पंचायतीत तुझा शोकठराव होता. आधी सगळे उभे राहिलो, गप्प. मग ग्रामसेवकाने, हा नवा आहे, पोरगेलासा, वाचून दाखवलं. स्वर्गवासी भागाबाई यांच्या निधनाने गावाची हानी झाली, पंचायत दुःख व्यक्त करते, ठराव सर्वानुमते मंजूर. बुक सह्यांना फिरलं आणि माझ्यापुढे आलं. माझ्या उजव्या हाताला भुई रिकामी होती. माझं बोट आपोआप ओळीवर गेलं. आणि मला दिसलं, भागे, दोन विळे होते.

मी ग्रामसेवकाला म्हटलं, पहिला काढा. ती बुद्धाची होती, स्वर्ग मानत नव्हती, तिला तिथं कशाला पाठवता? त्याने मुकाट्याने खोडून 'दिवंगत' लिहिलं. मग मी म्हटलं, दुसरा पण काढा.

तो गोंधळला. म्हणाला, काकू, शोकठराव नेहमी सर्वानुमतेच असतो.

मी उभी राहिले. पदर सावरायला हात वर गेला तो मी खाली आणला. समोर बापूजी, आता थकलेले, काठीवर हात ठेवून बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी पाहिलं.

"माझा विरोध आहे," मी म्हटलं. आवाज निघाला, भागे. मोठा निघाला. बाहेर लिंबाखाली बसलेल्यांनी वळून पाहिलं.

"काऊन?" बापूजींनी विचारलं.

"ती गेली, हे मले मंजूर नाही."

 एकाने खाकरून घेतलं. मला वाटलं, आता बापूजी आवाज चढवतील. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा, बहुमताने."

त्याने खोडलं आणि लिहिलं. मग मी खाली बसले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ठराव वाचला. सही केली. वळण काही जमलं नाही.

बारा वर्षं उशीर झाला, मला कबूल आहे. पण दोन्ही इळे काढले, भागे.